वजन जास्त, रक्त कमी: डिचोलीतल्या एका घरातली साखर आणि भाजी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावची 44 वर्षांची बाई. काजूच्या कारखान्यात काजू सोलायला बसते. डॉक्टरांनी माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी पाठवली तेव्हा तिच्या तक्रारी दोनच होत्या: दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही, आणि चढण आली की धाप लागते. उंची 152 सेंटिमीटर, वजन 67 किलो. हिमोग्लोबिन 9.6. उपाशीपोटीची साखर 112 आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी, 6.1. बाईंमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, एचबीएवनसी 5.7 ते 6.4 असेल तर मधुमेह नाही, पण मधुमेहाची पूर्वावस्था आहे असं म्हणतात. तिला दोन्ही होतं.

बरोबर नवरा आला होता, ट्रक चालवतो. त्याने फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात खाण्यापिण्याला काही कमी नाही. तिचं वजन बघा ना. मग रक्त कमी कसं?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो मला गोव्यात वारंवार ऐकू येतो. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात निघालं: 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. म्हणजे इथल्या दर चार प्रौढांमागे एकाला मधुमेह. अशा राज्यात पोट भरलेलं असणं आणि शरीराला हवं ते मिळालेलं असणं यांतला फरक घरोघरी कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

घरात काय येतं आणि घरातून काय जातं

घरात पाच माणसं: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या आहेत, पण पावसाळी भात कापून झालं की वायंगणात, म्हणजे त्याच शेतातल्या दुसऱ्या हंगामात, अजूनही भाजीचे वाफे घालतात. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वाल, वांगी, थोडी मिरची. पहाटे जुड्या बांधायच्या, टोपलीत भरायच्या आणि डिचोलीच्या बाजारात नेऊन बसायचं. तांबड्या भाजीची जुडी वीस रुपयांपर्यंत जाते. जी विकली जात नाही, मलूल होऊन परत येते, ती घरच्यांच्या वाट्याला. उत्तम भाजी पिकवणाऱ्या घरात सर्वांत कमी भाजी खाल्ली जाते, हे मी या भागात इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत विचारते: पिकवता काय, ते नको, त्यातलं घरात किती राहतं?

या घरात माणशी दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम राहत होतं. बटाटा-कांदा त्यात धरलेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. इथे त्याचा पाचवा हिस्साही नव्हता. दुपारी शीतकडी, सोबत तळलेला बांगडा किंवा सुंगटं, आणि ताटाच्या कडेला चमचाभर भाजी. सोमवारी आणि श्रावणात मासे नाहीत, मग तोणाक, म्हणजे कडधान्याचं कालवण. मुलांच्या ताटात तर कडेचा चमचाही नाही.

साखर मात्र मोजून घरात येत होती: महिन्याला सात किलो. पाच माणसांत विभागली तर माणशी दिवसाला 46 ग्रॅमच्या पुढे. आणि यात कारखान्यातला चहा, बिस्किटं, दुकानातलं सरबत काहीच नाही.

बाईने दिवसाचा हिशेब सांगितला तो असा. पहाटे उठल्यावर चहा. कारखान्यात दहाच्या सुमाराला चहा, बरोबर तीन-चार बिस्किटं. चारला पुन्हा कारखान्याचा चहा. घरी आल्यावर एक कप, रात्री जेवणाआधी आणखी एक. "घरच्या चहात दोनच चमचे घालते," असं ती म्हणाली. पुढच्या भेटीला तिला घरचा चमचा आणि थोडी साखर घेऊन यायला सांगितलं. टेबलावरच्या वजनकाट्यावर वाटी ठेवली आणि रोज घालते तशी साखर घाल म्हटलं. तिने चमचा शिगोशीग भरला, कडेने थोडी सांडली, तीही बोटाने गोळा करून वाटीत टाकली. काटा 7 ग्रॅमवर थांबला. मग तोच चमचा सुरीच्या पात्याने सपाट करून भरला: 4 ग्रॅम. ती काट्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे माझे दोन चमचे खरे साडेतीन आहेत."

घरचे तीन कप धरले तर 42 ग्रॅम. कारखान्यात मोठ्या टोपात साखर घालूनच चहा उकळतात. अर्धा कप गोड, अर्धा फिका असा पर्याय तिथे नाही. कपाला दहा ग्रॅम धरले तर आणखी वीस. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा रोजच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्के, आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. ही बाई त्याच्या अडीचपट साखर घेत होती, आणि तिला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण गोड खात नाही. मिठाईला ती खरोखरच हात लावत नाही.

साखर आणि तांबडी भाजी शेजारी ठेवल्यावर

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर आकडे मांडून दिलं, कारण तो हिशेबाचा माणूस आहे. डिझेल किती घातलं आणि गाडी किती चालली, हे त्याला रोज लिहावं लागतं.

शुद्ध साखरेच्या शंभर ग्रॅममध्ये चारशेच्या जवळपास कॅलरी असतात. प्रथिनं शून्य, तंतू शून्य, जीवनसत्त्वं शून्य, खनिजं नावापुरतीही नाहीत. तिच्या साठ-बासष्ट ग्रॅमचा अर्थ रोज अडीचशे कॅलरी, आणि त्यांच्यासोबत दुसरं काहीही नाही. उलट त्या कॅलरी वापरायला शरीराला ब1 सारखी जीवनसत्त्वं लागतात, ती दुसऱ्या अन्नातून यावी लागतात.

तांबड्या भाजीचं नेमकं उलटं. माठाच्या कुळातल्या कच्च्या पाल्याच्या शंभर ग्रॅममध्ये जेमतेम 23 कॅलरी. बहुतेक वजन पाण्याचं. पण एका चांगल्या जुडीतून निवडून दीडशे ग्रॅम पाला मिळाला असं धरलं, तर त्यात 35 कॅलरींसोबत साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, साडेतीन मिलिग्रॅम लोह, साठ मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व आणि सव्वाशे मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट येतं. लोहाचा आकडा जातीप्रमाणे आणि मातीप्रमाणे बराच वरखाली होतो. शिजवताना क जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो. या पाल्यात ऑक्झलेटही असतं, त्यामुळे कागदावरचं सगळं कॅल्शियम रक्तात उतरत नाही. हे सगळं वजा केलं तरी शिल्लक राहतं ते साखरेत कधीच नसतं.

मग नवऱ्याने जे विचारलं ते फार महत्त्वाचं होतं. "तर मग साखरेच्या जागी भाजी खाल्ली की झालं?"

नाही झालं, आणि आहाराच्या बहुतेक सल्ल्यांत घोटाळा होतो तो इथेच. अडीचशे कॅलरी तांबड्या भाजीतून काढायच्या तर एक किलोहून जास्त पाला खावा लागेल. कोणी खाऊ शकणार नाही. साखर आणि भाजी एकमेकींच्या जागा घेणाऱ्या वस्तू नाहीत. साखर नुसती ऊर्जा देते, भाजी ऊर्जा सोडून बाकी जवळपास सगळं देते. शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम अशी तुलना तक्त्यात सोपी दिसते, पण ताटात तिचा उपयोग थोडाच. विचारायचं ते हे: दिवसभरात माणसाला जितकी भूक असते, त्यातली किती जागा रिकाम्या ऊर्जेने अडवली? या बाईच्या दिवसात पहाटेपासून दुपारी एकपर्यंतची सगळी भूक चहा-बिस्किटांनी मारली जात होती. त्या वेळात लोह पोटात जायचं ते नावापुरतंच, आणि क जीवनसत्त्व जवळपास नाहीच. वजन वाढत होतं ते ऊर्जेमुळे, रक्त घटत होतं ते बाकी सगळ्याच्या तुटीमुळे. दोन्ही एकाच शरीरात एकाच वेळी होऊ शकतं.

साखरेवर सगळा दोष ढकलणंही मला पटत नाही. दुपारी एक वाजता भूक खवळलेली असायची, म्हणून शिताचा ढीग मोठा व्हायचा. तोही रक्तातली साखर चढवतोच. फरक एवढाच की उकड्या तांदळात थोडी प्रथिनं, थोडे तंतू असतात, आणि उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात शिरतात.

सासूबाईंचा एक मुद्दा राहिला होता. त्यांचं माहेर धारबांदोड्याकडचं. तिथल्या संजीवनी साखर कारखान्याला माहेरचा ऊस जायचा; तिथलं गाळप गेली काही वर्षं बंद आहे, याचं त्यांना आजही वाईट वाटतं. "ऊस मातीतलाच ना गो? मग साखर वाईट कशी?" ऊस मातीतला, हे खरंच. पण उसाचा रस गाळून, चुना घालून निवळवून, आटवून त्याचे स्फटिक पाडतात, मग यंत्रात गरगर फिरवून मळी वेगळी काढतात. रसात जी काही खनिजं होती ती त्या मळीबरोबर जातात. उरतं ते जवळजवळ शुद्ध सुक्रोज: अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. आतड्यात ते सुटं व्हायला वेळ लागत नाही. ग्लुकोज सरळ रक्तात, फ्रुक्टोज बहुतांशी यकृताकडे. भाजीतही थोडी साखर असते, पण ती तंतूंच्या जाळ्यात आणि पाण्यात विखुरलेली, म्हणून सावकाश सुटते.

"मग माडाचा गूळ घालू?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. चवीला घाला, पातोळ्यांत घाला, त्याच्यासारखा सुगंध दुसऱ्या कशाला नाही. पण तोही मुख्यतः साखरच आहे. त्यातल्या खनिजांच्या भरवशावर दिवसाला साठ ग्रॅम खाऊ लागलात तर रक्ताला साखरेइतकाच महाग पडेल.

आधी घरच्यांनी काय करून पाहिलं

माझ्याकडे येण्याआधी मोठ्या मुलाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता: साखर म्हणजे पांढरं विष, आजच्या आज बंद करा. बाईने खरंच एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकू लागलं, अकराच्या सुमाराला हात थरथरू लागले, शेजारणीने आपल्या डब्यातला लाडू दिला तेव्हा बरं वाटलं. आठवड्याच्या आत चहा पूर्वीसारखा गोड झाला आणि वर मनात अपराधीपणा बसला: माझ्यानं होत नाही.

यात तिच्या मनाचा कमकुवतपणा नव्हता. साखर काढली, पण तिच्या जागी काही आलंच नाही. तिची न्याहारी तीच होती. पहाटे पाचला उठणाऱ्या, सात तास बसून हाताचं काम करणाऱ्या बाईची एकमेव न्याहारी काढून घ्यायची आणि वर तिला निर्धार कमी म्हणायचं, हा अन्याय आहे. असे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी एकदा कारखान्यात तिच्या शेजारी सकाळ काढावी.

काय बदललं

पहिली गोष्ट अन्नाबाहेरची. पाळीत रक्तस्राव बराच जात होता, हे तिने विचारल्यावरच सांगितलं. डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, तिथे उपचार सुरू झाले, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. हे मी मुद्दाम आधी लिहिते. भारतीय बाईची लोहाची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरतात. जुडीभर तांबड्या भाजीतून साडेतीन मिलिग्रॅम येतं आणि पाल्यातलं लोह शरीरात शोषलं जातं ते त्यातलंही थोडंच. 9.6 हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीने वर येईल असं सांगणं म्हणजे फसवणूक.

ताटात बदल केला तो न्याहारीपासून. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत आदल्या रात्री भिजवलेल्या मुगाचं किंवा चवळीचं सुकं, आणि वाटीभर भाजी. तीस ग्रॅम सुके मूग म्हणजे शंभरेक कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं. साखरेने रिकामी केलेली ऊर्जेची जागा पेज आणि कडधान्याने भरायची, भाजीने नव्हे. हे जमू लागलं त्यानंतरच चहातली साखर कमी करायला घेतली. आधी शिगोशीग चमच्याचा सपाट चमचा, कप तेवढेच. मग दोनाचा दीड, दीडाचा एक. रात्रीचा चहा आपोआप सुटला, कारण सकाळचं पोट भरलं की संध्याकाळची तलफ उतरली. चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवायचं, कारण चहातली टॅनिनं पाल्यातलं लोह अडवतात. भाजीवर वाढताना लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्वाने तेच लोह जास्त शोषलं जातं.

सर्वांत अवघड बोलणी सासूबाईंशी झाली. बाजारात नेण्याआधी दोन जुड्या घरात काढून ठेवायच्या, एवढीच विनंती होती. रोजचे चाळीस रुपये बुडणार होते आणि ते त्यांच्या स्वतःच्या हातचे होते. या वयात स्वतःच्या कमाईचा तेवढाच पैसा. मी घाई केली नाही. साखरेचा किलो चाळीस-पन्नासला मिळतो आणि त्यात चार हजार कॅलरी असतात. पोट मारायला इतकं स्वस्त फार थोडं मिळतं, आणि गरिबाघरी साखर शिरते ती याच वाटेने, हे मला माहीत आहे. तोडगा सुनेनेच काढला. महिन्याची साखर सात किलोवरून चारवर आली आणि बिस्किटांचे पुडे बंद झाले, त्यातून वाचलेले पैसे ती सासूच्या हातावर ठेवू लागली. "घेतेस तर पैसे देऊन घे, मग मी ताजी देईन," असं सासूबाई म्हणाल्या. सगळे पैसे भरून निघाले नाहीत, पण घरची गिऱ्हाईक म्हणून सुनेला बाजारापेक्षा चांगली जुडी मिळू लागली.

पावसाळ्यात तांबडी भाजी कुजते. त्या महिन्यांसाठी टायकिळा, कुरडू, तेरें, अळू या पावसाळी पालेभाज्यांची यादी मला सांगावी लागली नाही. सासूबाईंनीच सांगितली, कुठल्या बांधावर काय उगवतं त्यासकट. मशिंगेचा (शेवग्याचा) पाला परसातच होता आणि कोणी तोडत नव्हतं. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये नऊ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, पालेभाज्यांत हे फार जास्त आहे. मुलांसाठी भेंडी चालली, तीही सात शिरांची, जुवे बेटावरून येणारी. धाकटा ती कच्चीच चावतो. बाकी दिवस फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरची बेळगावची भाजी. ताजी नसली तरी चालेल, नसण्यापेक्षा बरी.

चवथीत नेवऱ्या (करंज्या) झाल्या, तिने खाल्ल्या. मी मोजायला सांगितल्या नव्हत्या. चतुर्थीच्या चार दिवसांनी कोणाला मधुमेह होत नाही. उरलेल्या दिवसांतल्या पाच कपांनी होतो.

चार महिन्यांनंतर

हिमोग्लोबिन 11.4. वजन 64 किलोवर. उपाशीपोटीची साखर 101. एचबीएवनसी 5.8. चहातली साखर वीस ग्रॅमच्या आतबाहेर, त्यातली निम्मी कारखान्याची. तिथे ती आता अर्धाच कप घेते. भाजी दिवसाला अडीचशे ग्रॅमपर्यंत पोचली आहे, चारशे अजून दूर आहे.

या आकड्यांचं श्रेय वाटताना काळजी घ्यायला हवी. हिमोग्लोबिन वाढलं ते मुख्यतः गोळ्यांनी आणि रक्तस्राव आटोक्यात आल्याने. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटंच थोडं चढलेलं दिसू शकतं, त्यामुळे 6.1 चं 5.8 झालं यात रक्तक्षय सुधारल्याचाही वाटा असणार. म्हणून मी उपाशीपोटीच्या साखरेवर जास्त विसंबते, आणि ती उतरली आहे. भाजीने जे काम केलं ते कोणत्याही चाचणीत दिसत नाही: लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि अनेक बाया त्याच कारणाने गोळ्या मध्येच सोडतात. हिला पहिल्या आठवड्यात त्रास झाला, भाजी आणि कडधान्य वाढल्यावर राहिला नाही, आणि एकही गोळी चुकली नाही. ताटातल्या तंतूंनी औषध चालू ठेवलं.

गोळ्या अजून तीन महिने चालतील, कारण हिमोग्लोबिन भरल्यावरही शरीरातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो. त्यानंतर फेरिटिन, म्हणजे तो साठा दाखवणारी चाचणी, करायची आहे. नवऱ्याने स्वतःची साखर कधीच तपासलेली नव्हती. ट्रकवर तो दिवसाला किती चहा पितो ते मी विचारलं तेव्हा बायकोने त्याच्या आधी उत्तर दिलं. त्याची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, अशा दोन्ही तपासण्या पुढच्या सोमवारी ठरल्या आहेत.